पायवाट कुठे तुटते

पुण्यात रस्त्यांचा विषय निघाला की जंगली महाराज रस्त्याची गोष्ट निघतेच. सत्तरच्या दशकात रेकाँडो नावाच्या कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर हा रस्ता केला आणि दहा काय, पुढची कित्येक दशके त्याला खड्डा म्हणून ठाऊक नव्हता. गोष्ट खरी आहे, ऐकायला गोडही आहे, आणि दर पावसाळ्यात कुठे ना कुठे ती नव्याने छापून येते. फक्त ती सांगणारा माणूस कायम गाडीवर बसलेला असतो. डांबर टिकले, पण त्याच काळात कडेने चालणाऱ्याचे काय झाले, फुटपाथ किती उरला, समोरच्या बाजूला जायला किती वेळ ताटकळावे लागायचे, याचा त्या गोष्टीत पत्ता नाही. रस्ता चांगला म्हणजे गाडीला चांगला, असे आपण न बोलता ठरवून टाकले आहे.

याच रस्त्यावर २०१६ नंतर एक वेगळे काम झाले. त्या वर्षी पुणे महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केले आणि रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वेही तयार केली. कागदावर धोरणे कुठल्या शहरात नसतात? पण इथे त्यातले थोडे जमिनीवर उतरले. जंगली महाराज रस्त्याच्या काही भागात फुटपाथ रुंद झाला, पूर्वी चालणाऱ्याच्या वाटेत येणारी झाडे रुंद फुटपाथच्या पोटात आली, त्यांच्या ओळीत बाकडी बसली, पार्किंगला झाडांच्या मधल्या खाचा मिळाल्या. औंधच्या डीपी रस्त्यावरही स्मार्ट सिटीच्या पैशातून असेच झाले. संध्याकाळी तिथे गेलात तर बाकड्यांवर आजी-आजोबा, कॉलेजची पोरे आणि खरेदीला आलेल्या बायकोची वाट बघत बसलेले नवरे, असे सगळे दिसतात. बसायला जागा दिली की माणसे बसतात. एवढे साधे आहे ते.

या कामावर पहिला आक्षेप ठरलेला होता: आधीच रस्ता पुरत नाही, त्यात फुटपाथ कसला वाढवता? आक्षेप बिनबुडाचा वाटत नाही, म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे.

आपल्या शहरांतले रस्ते एकसारख्या रुंदीचे नसतात. एखाद्या जुन्या इमारतीपाशी आत दबतात, पुढे बाहेर फुगतात, मंदिराशी पुन्हा आकसतात. डांबर मात्र आपण मिळेल तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत ओततो. आता एका तासात त्या रस्त्यावरून किती गाड्या जातील, हे ठरते ते सगळ्यात अरुंद जागेवर. पाण्याच्या पाइपला एके ठिकाणी चिमटा असेल तर बाकीचा पाइप कितीही जाड घ्या, धार चिमट्याएवढीच पडते. मग फुगलेल्या भागातल्या त्या जादा डांबराचे काय होते? तिथे गाड्या उभ्या राहतात, रिक्षा थांबतात, डावीकडून पुढे घुसणाऱ्याला संधी मिळते आणि पुढच्या चिमट्याशी सगळे एकमेकांत अडकतात. नव्या रचनेत गाड्यांचा पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा आखतात आणि उरलेले सगळे फुटपाथला, झाडांना, पार्किंगच्या खाचांना देतात. गाड्यांच्या वाहून जाण्यातले त्यात काही जात नाही. जाते ती फुकट उभे राहण्याची जागा. भांडण खरे त्या जागेचे असते, नाव मात्र वाहतुकीचे घेतले जाते.

फुटपाथ किती रुंद असावा याचे आकडे इंडियन रोड्स काँग्रेसने २०१२ च्या संहितेत देऊन ठेवले आहेत. निवासी भागात किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, म्हणजे दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जातील इतकी. दुकानांच्या भागात त्याहून जास्त. उंची १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नको. डोक्यावर २.२ मीटर मोकळे हवे, म्हणजे कपाळाला पाटी आपटायला नको. फुटपाथची सगळी रुंदी चालण्यासाठी मोजायची नसते, हेही त्यात आहे. दुकानाच्या भिंतीला लागून एक पट्टी शो-केस बघत उभ्या राहणाऱ्यांची. रस्त्याच्या कडेची एक पट्टी झाड, दिव्याचा खांब, विजेचा डीपी बॉक्स, बाकडे, टपरी यांची. मधली तेवढी चालायची. आपल्याकडे पहिल्या आणि तिसऱ्या पट्टीचा हिशेबच केलेला नसतो, म्हणून त्या दोघी मधलीत येऊन बसतात आणि चालणारा खाली डांबरावर उतरतो.

रुंदी हा मात्र सोपा भाग. चालणाऱ्या माणसाचा घात फुटपाथच्या मध्यावर क्वचित होतो. तो होतो जोडावर: सोसायटीच्या गेटपाशी, कोपऱ्यावर, आणि रस्ता ओलांडायच्या जागी. या तीन ठिकाणी ज्या रस्त्याची रचना चुकली त्याचा फुटपाथ तीन मीटर रुंद असला तरी कामाचा नाही.

गेट घ्या. गाडी आत जावी म्हणून ठेकेदार गेटपुढे फुटपाथ कापतो आणि रस्त्याच्या पातळीला आणतो. दर वीस-पंचवीस मीटरवर एक गेट, म्हणजे दर वीस-पंचवीस मीटरला उतरा आणि चढा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे दोन गेटांनंतर नको होते आणि तो खालूनच चालू लागतो. पावसाळ्यात नेमके त्या उतारावर पाणी साचते. योग्य पद्धत याच्या उलटी आहे: फुटपाथ सलग, एका पातळीत न्यायचा, आणि गाडीने छोट्या उतारावरून चढून फुटपाथ ओलांडून आत जायचे. चालणारा आपल्या वाटेवर राहतो. गाडीवाल्याला कळते की आपण दुसऱ्याच्या अंगणातून जातो आहोत आणि त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. खर्चात नाव घेण्याजोगा फरक नाही. फरक पडतो तो कामावरच्या मुकादमाला कोणी नकाशा समजावून सांगितला की नाही, यात.

कोपऱ्याचे गणित त्याहून मजेशीर आहे. चौकात फुटपाथची कड ज्या वर्तुळाच्या कमानीने वळते, तिची त्रिज्या मोठी ठेवली की गाडी वेग न घटवता वळते. त्रिज्या लहान ठेवली की तिला जवळजवळ थांबावे लागते. शिवाय मोठ्या त्रिज्येत ओलांडायचे अंतरही वाढते, कारण फुटपाथ कोपऱ्यावर मागे सरकलेला असतो. त्यात आपल्या चौकांत ‘फ्री लेफ्ट’ नावाचे एक प्रकरण आहे. समोरच्या सिग्नलवर माणसाचे चित्र हिरवे झाले तरी डावीकडे वळणाऱ्यांचा ओघ थांबत नाही, आणि हात दाखवत, अंदाज घेत, देवाचे नाव घेत पलीकडे जावे लागते. कायद्याने, म्हणजे २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार, सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर गाडीने थांबून पादचाऱ्याला वाट द्यायची असते. हे वाचून हसू येणाऱ्यांना दोष देता येत नाही. पण चालकांच्या संस्कारांवर प्रवचन झोडण्यापेक्षा कोपरा आवळणे स्वस्त पडते. कोपऱ्यावरच्या कर्ब स्टोनला कोणी न जुमानता वळू शकत नाही.

ओलांडण्याचेही असेच. सिग्नलच्या वेळेचा हिशेब करताना निरोगी माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरण्याची पद्धत आहे. म्हातारी माणसे, कडेवर मूल घेतलेली बाई, काठीवाला, हे ०.८ च्या आसपास चालतात. समजा रस्ता १८ मीटर रुंद आहे आणि दोन्ही कडांना दोन-दोन मीटरची पार्किंगची पट्टी आहे. धडधाकट माणसाला १५ सेकंद लागतील, काठीवाल्याला साडेबावीस. आता ओलांडण्याच्या जागी फुटपाथ दोन्हीकडून पार्किंगच्या पट्टीएवढा पुढे आणला, तर अंतर १४ मीटर उरते आणि काठीवाल्याचे पाच सेकंद वाचतात. उभ्या गाड्यांच्या आडून डोकवावे लागत नाही, हा त्याहून मोठा फायदा, कारण चालकालाही तो दुरून दिसतो. मध्ये थांबायला दुभाजकात दोन मीटरची सुरक्षित जागा मिळाली, तर एका वेळी एकाच बाजूची गाडी बघायची. एकेरी वाहतुकीच्या रस्त्यांवर ही सोय नसते आणि वेग जास्त असतो. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता एकेरी झाल्यापासून गाड्यांचे बरे झाले असेल. पलीकडच्या दुकानात जाणाऱ्याचे झाले असे म्हणवत नाही.

हे सगळे बारीकसारीक वाटते, पण आकडे बारीक नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यातले ३२,८२५ पायी चालणारे होते. रोजचे नव्वदच्या आसपास. वेगाशी याचा संबंध सरळ आहे. सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघातांचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे गाडीचा पट्टा साडेतीनऐवजी तीन मीटरचा आखणे, ओलांडण्याची जागा फुटपाथच्या पातळीला उचलून घेणे, ही सुशोभीकरणाची कामे नव्हेत.

मुंबईने या प्रश्नाला एकेकाळी वेगळेच उत्तर दिले: चालणाऱ्यालाच वर उचलायचे. २००८ मध्ये वांद्रे स्थानकाच्या पूर्वेकडून कलानगरपर्यंत स्कायवॉक झाला आणि पाठोपाठ एमएमआरडीए या विकास प्राधिकरणाने महानगर प्रदेशात असे तीसहून अधिक बांधले. कल्पना दिसायला झकास होती. आता हिशेब करू. खालून ट्रक-बस जायला साडेपाच मीटर मोकळे ठेवायचे, वर स्लॅबची जाडी. म्हणजे सहा मीटर चढ. पंधरा सेंटिमीटरची पायरी धरली तर चाळीस पायऱ्या चढायच्या, पलीकडे चाळीस उतरायच्या, आणि हे सगळे कशासाठी, तर जमिनीवर वीस पावले असलेला रस्ता ओलांडण्यासाठी. हातात भाजीची पिशवी असलेला मुंबईकर हा हिशेब पायांनी करतो आणि खालून जातो. मग त्याला बेशिस्त म्हणून दुभाजकावर जाळी लावतात.

पण स्कायवॉकला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. जिथे माणूस आधीच वर आहे, म्हणजे लोकलमधून उतरून स्थानकाच्या पुलावर चढलाच आहे, तिथून त्याच पातळीवर गर्दी ओलांडून पुढे सोडणारा स्कायवॉक लोक वापरतात, आणि संध्याकाळी सहा वाजता तो नसता तर काय झाले असते असेही वाटते. वांद्र्याचा स्कायवॉक मोडकळीला आल्यावर २०१९ मध्ये बंद करावा लागला, तेव्हा खाली स्थानक ते कलानगर चालायला धड वाट नव्हती. वर सोय केली म्हणून खालचा फुटपाथ कोणी केलाच नव्हता.

मुंबईत चालणे म्हणजे अर्धे रेल्वेशी बांधलेले चालणे, हे नियोजनात उशिरा शिरले. परळ-लोअर परळच्या गिरण्या गेल्या, तिथे कचेऱ्यांचे मनोरे उठले, माणसे पटींनी वाढली; पण एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा तो जिना होता तसाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस आला, माणसे जिन्यावरच थांबली, मागून गाड्यांमधून उतरणारे येत राहिले आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्या मनोऱ्यांना परवानगी देताना त्यांच्या गाड्यांसाठी किती पार्किंग लागेल याचा तपशील नियमावलीत होता. त्यांत कामाला येणारी हजारो माणसे स्थानकापासून दारापर्यंत कशी चालत येतील, हे विचारणारा रकाना कुठे नव्हता.

दुकानदारांकडे वळू, कारण जगात सगळीकडे पहिला विरोध तिथून येतो. कोपनहेगनमधला स्त्रोयेट हा रस्ता १९६२ मध्ये गाड्यांना बंद झाला तेव्हा व्यापारी घाबरले होते. थंडीच्या देशात रस्त्यावर रेंगाळायला आपण काय इटालियन आहोत का, असा सूर होता. आज तो युरोपातल्या गजबजलेल्या बाजार-रस्त्यांपैकी एक आहे. चेन्नईतल्या पाँडी बाजारचे २०१९ मध्ये पादचारी संकुल झाले. दिल्लीच्या चांदनी चौकात २०२१ पासून लाल जैन मंदिर ते फतेहपुरी मशीद या सव्वा किलोमीटरच्या टापूत सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी आली. लाल दगडांची ती फरसबंदी सुरुवातीला देखणी होती. पण बंदी पाळून घेणारा हात सैल पडला की दुचाक्या मागच्या गल्ल्यांतून कशा परत येतात, हेही चांदनी चौकातच बघायला मिळते.

पुण्याने ११ डिसेंबर हा पादचारी दिन ठरवला आणि २०२१ पासून त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक पट्टा गाड्यांना बंद ठेवायला सुरुवात केली. सतरंज्या, खेळ, पोलिसांचा बँड, फुगे. मला या दिवसाचे कौतुक आहे आणि थोडी चीडही. वर्षातून एकदा फुगे लावून सांगावे लागते की रस्त्यावर चालता येते, तेही लक्ष्मी रस्त्यावर! याच रस्त्यावर विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते, आषाढी वारीच्या दोन्ही पालख्या याच रस्त्याने पेठांतल्या मुक्कामाला जातात, लाखो माणसे पायी असतात आणि शहर मोडून पडत नाही. गाड्या वळवता येतात, दुकानात माल आदल्या रात्री आणता येतो, रुग्णवाहिकेला वाट ठेवता येते, हे सगळे पोलिसांना, मंडळांना आणि दुकानदारांना वर्षानुवर्षे पाठ आहे. लक्ष्मी रस्ता कायम पायी करण्याची चर्चा निघाली की मात्र ‘हे इथे शक्य नाही’ असे तीच माणसे सांगतात.

फुटपाथवरच्या पथारीवाल्यांबद्दल बोलायला चालणाऱ्यांचे कैवारी कचरतात किंवा फार पटकन बोलतात. अतिक्रमणाची गाडी येते, माल उचलते, दोन तासांनी पथारी परत लागते, हा खेळ सगळ्यांनी पाहिला आहे. २०१४ च्या कायद्याने पथविक्रेत्यांना नोंदणी, ठरलेली जागा आणि शहर विक्री समितीत प्रतिनिधित्व दिले. त्याची अंमलबजावणी रखडत चालली आहे, आणि ती रखडण्यात बऱ्याच जणांची सोय आहे. माझे मत असे की संध्याकाळी सातनंतर ज्या रस्त्यावर एक भुर्जीची गाडी आणि एक फुलवाली असते, तिथून एकटी मुलगी निर्धास्त जाते. दिवे असलेल्या पण ओस पडलेल्या फुटपाथवरून ती भरभर जाते. विक्रेत्याला त्या तिसऱ्या पट्टीत, झाड आणि खांबाच्या ओळीत, आखून जागा दिली तर मधली वाट मोकळी राहते. ती पट्टी आखलेलीच नसेल तर त्याला हाकलून काही साधत नाही. त्याच जागी दुसऱ्या दिवशी चारचाकी उभी राहते, आणि ती उचलायला अतिक्रमणाची गाडी येत नाही.

दुचाकी फुटपाथवर चढू नये म्हणून खांब रोवतात. मुंबईत ते इतके जवळ रोवले गेले की व्हीलचेअर त्यांतून जाईना. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुंबईकराच्या ई-मेलची दखल घेत मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. एका वर्गाला अडवण्याचा उपाय दुसऱ्याच वर्गाला नडतो, याचा हा नमुना. तिकडे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. निकाल मोलाचा आहे. पण निकाल लागू व्हायचा तो कुठल्या तरी गेटपुढे, कुठल्या तरी चेंबरच्या झाकणापाशी, आणि तिथे मालक एक नाही. कर्ब पथ विभागाचा, झाकण मलनिस्सारणाचे, डीपी बॉक्स वीज कंपनीचा, झाड उद्यान विभागाचे, खोदून ठेवलेला चर इंटरनेटवाल्याचा.

बेंगळुरूने गेल्या दशकात टेंडरशुअर नावाने सात रस्ते असे केले की आधी सगळ्या वाहिन्या जमिनीखाली ठरलेल्या मार्गिकांत घातल्या, मग वर फुटपाथ केला. ते महाग पडले म्हणून बरीच टीका झाली. नव्या गुळगुळीत पेव्हर ब्लॉकवर सहा महिन्यांत कुदळ पडताना पाहिली की तो खर्च महाग वाटेनासा होतो. पुन्हा बसवलेले ब्लॉक कधीच पहिल्यासारखे बसत नाहीत. एक जरा वर राहतो आणि त्यालाच पाय अडखळतो.

आता पुण्यात मेट्रो आली. संभाजी उद्यान आणि डेक्कन स्थानके २०२३ मध्ये सुरू झाली, आणि नदीपलीकडच्या पेठांतल्या माणसांना स्थानकावर चालत येता यावे म्हणून मुठेवर पादचारी पुलांची योजना आली. चांगली गोष्ट. पण पूल उतरला की पेठ लागते, आणि पेठेतल्या गल्लीत फुटपाथ आखायला गेलात तर कडेला दोन फुटांची पट्टी हाती येते, जिच्यावर पहिल्याच दिवशी दुचाकी लागते. इथे मोठ्या रस्त्याचे गणित चालत नाही. डच लोकांनी डेल्फ्टच्या गल्ल्यांत या पेचावर उपाय काढला आणि १९७६ मध्ये त्याला कायद्याची जागा दिली: फुटपाथच नको, पूर्ण रस्ता एका पातळीत, झाडे आणि बाकडी मुद्दाम आडवी-तिडवी, आणि गाडी चालणाऱ्याच्या वेगाने. शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांत माणसे नाही तरी रस्त्याच्या मधूनच चालतात. त्यांना कडेला सारण्यापेक्षा गल्लीच्या तोंडाशी रस्ता उचलून गाडीला हळू करणे शहाणपणाचे.

पेठांत आपण नेमके उलटे करत आलो आहोत. विकास आराखड्यात रुंदीकरणाच्या रेघा मारलेल्या आहेत. एखादा वाडा पाडून नवी इमारत उठली की ती त्या रेघेपर्यंत मागे सरते. शेजारचा जुना वाडा मात्र पुढेच राहतो. त्यामुळे गल्लीची कड करवतीच्या दात्यांसारखी झाली आहे. गाड्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण पुढच्या वाड्याशी चिमटा आहेच. मागे सरलेल्या त्या खाचांत आज दुचाक्या ओळीने उभ्या असतात. सगळे वाडे मागे सरून रुंदीकरण पुरे व्हायला आणखी एक-दोन पिढ्या जातील. तोवर त्या खाचांत एक झाड, एक बाकडे आणि एका पथारीची जागा आखायला पथ विभागाला एक वीटही पाडावी लागणार नाही, आणि भूसंपादन तर नाहीच, कारण ती जमीन आधीच महापालिकेकडे आलेली आहे.